जिवंत कुंपण, सदाहरित

जागेची हद्द दर्शविण्यासाठी, गुरे व परकी माणसे यांना अटकाव करण्यासाठी किंवा आतील व्यवहार बाहेरच्यांच्या दृष्टीआड ठेवण्यासाठी दाट ओळीत लावून व वारंवार छाटून एकसंध राखलेल्या झुडपांच्या रांगेस जिवंत कुंपण म्हणतात. कोकणात काट्याकुट्यांच्या मृत कुंपणास व कित्येकदा जिवंत कुंपणासही ‘वई’ म्हणण्याचा प्रघात आहे. सुमारे १ मी. पर्यंतचे कुंपण वाफे व पायवाटा यांना कड म्हणून, १ ते २ मी. उंचीचे हद्दीसाठी व त्याहून उंच असलेले आडोशासाठी उपयोगी पडते. आडोशाच्या कुंपणाची मुख्य अट अशी की, ते वर्षभर हिरवे असावे आणि त्याची पालवी जमिनीपासून शेंड्यापर्यंत सारखी भरलेली असावी. उन्हाळ्यात पाने गाळणारे किंवा बुडाशी उघडे पडणारे झुडूप शोभेचे असले, तरी आडोशाच्या कामाचे नसते.

समशीतोष्ण प्रदेशांत या सर्व कसोट्यांस उतरणारी वनस्पती म्हणून यू या सूचिपर्णी वृक्षाची (टॅक्सस प्रजाती, कुल-टॅक्सेसी) ख्याती आहे. यूची वाढ सावकाश होते, त्यामुळे वर्षातून एकदोनदा छाटले तरी पुरते. तो सावलीत पालवतो आणि मुख्य म्हणजे जुन्या लाकडापर्यंत छाटला, तरी त्यास पुन्हा धुमारे फुटतात. बहुतेक सूचिपर्णी वृक्षांना हे जमत नाही. इंग्लंडमधील लेव्हन्स हॉल येथील १७ व्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या उद्यानात यूची कातरून घडविलेली झाडे आजही राखलेली आहेत. बियांभोवतीचा लाल मांसल भाग सोडल्यास या वृक्षाची सर्व अंगे विषारी असून त्यांतील टॅक्सीन हे अल्कलॉइड गुरे व घोडे यांना घातक ठरते. भारतात हिमालयातील सु. १,८०० ते ३,३०० मी. उंचीवरील थंड, ओलसर वनांत त्याची टॅक्सस वॉलिचियाना ही जाती आढळते. तिला हिंदीत ‘थुनेर’ व ‘बिर्मी’ अशी नावे आहेत. पॅसिफिक यूच्या सालीतून मिळालेल्या टॅक्सॉल या कर्करोगरोधी द्रव्याची संरचना १९७१ मध्ये मन्‍रो वॉल व मनसुख वाणी यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. यांपैकी वाणी हे मूळचे नंदुरबारचे व मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते. औषधासाठी झालेल्या तोडीमुळे हिमालयातील थुनेर दुर्मिळ होत गेला.

परदेशी उद्यानविषयक पुस्तके चाळून मुंबईच्या उपनगरांत यूचे कुंपण करण्याची इच्छा काहींना होते. तथापि ती फलद्रूप होणारी नाही. यूला हिवाळ्यात दीर्घकाळ थंडी लागते. सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले नीचतम तापमान ७.४° से. असून ते जानेवारी १९६२ मधील आहे. ते अपवादात्मकच समजले पाहिजे. एरवीचा हिवाळा सौम्य व थोडक्या दिवसांचा असतो. शिवाय मुळाशी पाणी साचणे यूला मुळीच मानवत नाही. म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील बागमालकाने यू कोठे मिळेल, हा प्रश्न न विचारता यूचे काम येथे कोणते झुडूप करील, हा विचारावा. याचे समाधानकारक उत्तर याच परिसरातील खाड्यांच्या काठी उगवलेले आहे.

पूर्वपीठिका : कुंपणाची वनस्पती ठिकाणावरून ठरते, याचे भारतातील सर्वांत मोठे उदाहरण १९ व्या शतकातील आहे. मिठावरील कर चुकवून होणारी वाहतूक रोखण्यासाठी ब्रिटिश शासनाने अंतर्गत जकातीची सरहद्द आखली होती. ती सिंधू नदीपासून बऱ्हाणपूरच्या बाजूपर्यंत येत असे व तिचा शेकडो किलोमीटरांचा भाग काटेरी कुंपणाचा होता. १८६७ पासून काही वर्षे जकात आयुक्त असलेल्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हे कुंपण जिवंत करण्याचा विशेष उद्योग केला. सर्वत्र एकच वनस्पती चालत नाही, हे लवकरच कळून आले आणि जमिनीनुसार बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग यांची योजना करावी लागली. ही सरहद्द १८७९ मध्ये रद्द झाली.

साष्टी बेटावरील जुन्या गावांतील पद्धत याहून साधी होती. भाजीचे मळे व परसदारे यांभोवती निरगुडी, अडुळसा, मोगली एरंड, शेर, सागरगोटा यांची वई असे. यांपैकी बहुतेकांना गुरे तोंड लावीत नाहीत. निरगुडी, मोगली एरंड व शेर यांच्या फांद्या तर नुसत्या खोचल्या, तरी पावसाळ्यात रुजतात. वईसाठी पैसा खर्च करण्याची कल्पना शेतकऱ्यास नव्हती. पुढे बंगले व छोट्या वसाहती उभ्या राहिल्यावर, आणि १९५० व १९५७ मध्ये उपनगरे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईच्या हद्दीत आल्यावर, कातरून सारख्या केलेल्या मेंदीच्या व कोयनेलच्या कुंपणाचा प्रसार झाला. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, तेव्हा हद्दीवर विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि कुंपणाचे काम हद्द राखण्याऐवजी आडोसा करण्याचे झाले. तळमजल्यावरील खोल्यांची खिडकी शेजारच्या इमारतीच्या वाहनतळाकडे उघडत असेल, तर मधल्या हिरव्या पट्ट्याचे मोल तेथे राहणाऱ्यालाच कळते.

परिस्थिती : उपनगरांत वर्षाकाठी सरासरी २,००० मिमी. हून बराच अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. म्हणजे एकाच झुडपाने चार महिने पाण्यात पाय बुडवून उभे राहावयाचे व आठ महिने तहान सोसावयाची असते. बोरिवली व मुलुंड यांच्यामधील डोंगरउतारांवर मुरमाड जमीन आहे. तीत पाणी साचत नाही, मात्र ओलही टिकत नाही. खाड्यांलगत (पश्चिमेस मालाड व मनोरी, पूर्वेस ठाणे) जमीन चिकण व क्षारयुक्त असून अनेक ठिकाणी ती भराव घालून केलेली आहे. इमारतीभोवतीच्या पट्ट्यात बहुधा माती नसतेच. बांधकामाचे राबिट, चुना व सिमेंटचा गाळ यांवर पसरलेला लाल मातीचा वीतभर थर असतो. झुडपे का जगत नाहीत, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा या थराखाली सापडते.

चौथी अडचण प्रकाशाची. दोन उंच इमारतींमधील पट्ट्यास दिवसातून तास-दोन तासच ऊन मिळते. उन्हात घट्ट वाढणारी झुडपे अशा जागी लांबट, विरळ व बुडाशी उघडी होतात. याकरिता झुडूप निवडण्यापूर्वी त्या जागी ऊन किती वेळ येते, हे जानेवारीत व मे महिन्यात अशा दोन वेळी पाहून ठेवणे श्रेयस्कर असते. हा साधा सल्ला क्वचितच पाळला जातो.

कोयनेल : (वनजाई, लॅ. क्लेरोडेंड्रॉन इनर्मे, आधुनिक वर्गीकरणात व्होल्कामेरिया इनर्मिस, कुल-लॅमिएसी, पूर्वी व्हर्बिनेसीत समाविष्ट). भारतापासून ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांपर्यंतच्या किनाऱ्यांवर कच्छ वनस्पतींच्या (खारफुटीच्या) कडेने वाढणारे हे सदाहरित, काहीसे पसरट झुडूप आहे. उपनगरांतील खाड्यांच्या काठीही ते आपोआप वाढलेले दिसते. पाने समोरासमोर, लंबगोल, गर्द हिरवी व चकचकीत असतात. फुले पांढरी, बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांत येणारी असून त्यांचे जांभळट लाल केसरदले पाकळ्यांबाहेर लांब आलेले असतात. फळाचे आवरण बुचासारखे हलके असल्याने ते पाण्यावर तरंगत जाते. खारी हवा, खारी जमीन, साचलेले पाणी व उन्हाळ्याची तहान हे सर्व त्यास जन्मतःच परिचित आहे. पाने फार कडू असल्याने शेळ्याही ती टाळतात.

कोयनेलच्या कांड्या स्वस्त मिळतात व सहज रुजतात. पहिल्या दोन पावसाळ्यांतच सु. १ मी. उंचीचे दाट कुंपण तयार होते. यूच्या उलट याची वाढ झपाट्याने होते, हाच त्याचा दोष. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी कातरणी न केल्यास लांब फांद्या बाहेर लोळू लागतात, जमिनीस टेकल्या तेथे मुळे धरतात आणि कुंपणाची आखीव भिंत मोडते. १.५ मी. पेक्षा उंच आडोसा एकट्या कोयनेलचा करू नये. त्यासाठी तारेच्या जाळीचा आधार द्यावा लागतो. माळ्याचे नियमित येणे शक्य नसलेल्या गृहनिर्माण संस्थांनी हे झुडूप विचार करून लावावे. खाडीलगतच्या जागांसाठी मात्र त्यास तोड नाही.

कुंती : (कामिनी, मधुकामिनी, लॅ. मुराया पॅनिक्युलॅटा, कुल-रूटेसी). कढीपत्त्याच्या प्रजातीतील हे झुडूप भारतातील वनांत नैसर्गिक रीत्या आढळते. स्वभावाने यूच्या सर्वांत जवळ जाणारे झुडूप हेच होय. वाढ सावकाश, पालवी बारीक व दाट, अर्धवट सावली सोसण्याची शक्ती आणि जुन्या खोडापासून पुन्हा फुटण्याची क्षमता हे चारही गुण त्यात एकत्र आहेत. २ ते ३ मी. उंचीचा आडोसा त्यापासून होतो व वर्षातून तीन-चार छाटण्या पुरतात. पावसाळी सरीनंतर किंवा भरपूर पाणी दिल्यानंतर सुगंधी पांढऱ्या फुलांचे बहर अकस्मात येतात. लाल फळे बुलबुलांना आवडतात. उणीव एवढीच की, मुळाशी पाणी तुंबलेले त्यास चालत नाही व दाट भिंत उभी राहण्यास चार-पाच वर्षे लागतात. भाडेकरूपेक्षा मालकाने लावण्याचे हे झाड आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील सिला या किडीला ते आश्रय देते. त्यामुळे फळबागांच्या प्रदेशात त्याविषयी सावध असतात, परंतु उपनगरांत ही अडचण फारशी जाणवत नाही.

अन्य झुडपे : मेंदी काटक असली, तरी कोरड्या हंगामात तिची पाने विरळ होतात व पाणथळ जागी ती मरते; मुंबईपेक्षा देशावर ती अधिक शोभते. तगर अर्धवट सावलीत चांगली वाढते आणि पूजेसाठी रोज फुले देते. जास्वंदीच्या फुलांचीही घरोघर गरज असते, तथापि फुले नव्या फुटीवर येत असल्याने काटेकोर कातरलेल्या जास्वंदीला ती येत नाहीत. शिवाय पिठ्या ढेकणांचा उपद्रव तिला फार. दुरंताच्या सोनेरी पानांच्या प्रकाराला पूर्ण ऊन लागते, सावलीत तो फिक्कट हिरवा पडतो आणि त्याची नारिंगी फळे विषारी असल्याने लहान मुलांच्या वाटेवर तो नसावा. पिवळी कण्हेर (बिट्टी) ३ ते ४ मी. पर्यंतचा पातळसर आडोसा देते व पाण्यावाचून तग धरते. तिची सर्व अंगे, विशेषतः बी, हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारे तीव्र विष असलेली आहेत, हे लावण्यापूर्वी सर्वांना सांगणे आवश्यक होय. अकॅलिफा व पेंडगूळ ही ठेंगण्या कुंपणासाठी ठीक असतात.

घाणेरीचा (टणटणीचा) उल्लेख निराळ्या कारणाने करावा लागतो. ही अमेरिकन वनस्पती शोभेसाठी व कुंपणासाठी भारतात आणली गेली. पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी सर्वत्र पसरविले व आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासह देशातील असंख्य वनांत तिने मूळच्या झुडपांची जागा बळकावली आहे. तिचे रंगीत प्रकार रोपवाटिकांत विकले जातात. उद्यानालगतच्या वसाहतींनी ते लावू नयेत, हे उघड आहे.

सूचिपर्णींचे पर्याय : यूसारखेच दिसणारे काही हवे असल्यास पोडोकार्पस (पोडोकार्पस मॅक्रोफायलस) हा पूर्व आशियातील सूचिपर्णी त्यातल्या त्यात बरा. त्याची लांबट, चपटी पाने यूची आठवण करून देतात, तो उष्ण हवा सहन करतो व कातरणीस दाद देतो. मात्र पाण्याचा निचरा उत्तम लागतो, वाढ अतिशय मंद असते व रोपे महाग पडतात. याच कुलातील नॅगिया वॉलिचियाना ही पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील जाती दक्षिण भारतातील एकमेव स्वदेशी सूचिपर्णी होय. मोरपंखी कुंड्यांत सर्रास दिसते, पण कुंपण म्हणून ती निराशा करते. मुंबईच्या पावसाळ्यात तिचा आतला भाग तपकिरी पडतो आणि जुन्या लाकडास फूट येत नसल्याने पडलेले भगदाड कायमचे राहते.

वृक्षांचा आडोसा : उपनगरांत सर्वाधिक दिसणारा आडोसा झुडपांचा नसून उभ्या अशोकाचा (आसुपालव, लॅ. मोनून लाँगिफोलियम, पूर्वीचे पॉलिआल्थिया लाँगिफोलिया; कुल-ॲनोनेसी) आहे. खऱ्या अर्थाचा अशोक म्हणजे सीतेचा अशोक (सराका असोका) हा शिंबावंत कुलातील वेगळा वृक्ष होय. लोंबत्या फांद्यांचा उभा अशोक जागा फार अडवीत नाही, लवकर वाढतो व भिंतीलगत ओळीने लावता येतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. घाटकोपर, मुलुंडकडील गुजराती कुटुंबांत त्याच्या पानांची तोरणे करतात. त्याच्या पानांवर टेल्ड जे या चपळ हिरव्या-काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि पिकलेली फळे कोकीळ व वटवाघळे आवडीने खातात.

तथापि आडोसा म्हणून लावलेला हा वृक्ष दहा-पंधरा वर्षांत तीन-चार मजले गाठतो आणि ज्या उंचीवर आडोसा हवा, तेथे केवळ खोड उरते. वरच्या मजल्यांचा उजेड जातो व खालच्यांचा आडोसा जातो. मग संस्थेच्या सभेत वाद सुरू होतात. तोवर परत फिरण्याची वाट बंद झालेली असते, कारण महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय, खाजगी आवारातले असले तरी, झाड तोडता येत नाही. हा निर्बंध योग्यच आहे. चूक लावताना झालेली असते. शेंडा छाटून वृक्षाचे कुंपण करण्याचा प्रयत्नही टिकाऊ नसतो. छाटलेल्या जागी कुजकी खोडे व कमकुवत फांद्या येतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्यात मुंबईत शेकडो झाडे उन्मळून पडली, त्यावेळी उथळ भरावातील उंच ओळींचा धोका पुन्हा दिसून आला.

बेंजामिन वडाची (फायकस बेंजामिना) मुळे भिंती, फरशा व गटारे उचकटतात, म्हणून इमारतीलगत त्याची ओळ लावू नये. अलीकडे जलद वाढीसाठी प्रसार पावलेल्या कोनोकार्पसच्या (कुल-काँब्रेटेसी) बाबतीतही मुळांचा उपद्रव व परागकणांमुळे होणारा त्रास यांच्या तक्रारी आहेत. गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीस मनाई केली. दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत देण्याचे आश्वासन देणारे झाड त्यानंतरच्या तीस वर्षांत काय करील, हे रोपवाटिकेत कोणी विचारीत नाही.

लागवड : मे महिन्यात ४५ सेंमी. रुंद व ४५ ते ६० सेंमी. खोल चर सलग खणावा. राबिट लागल्यास ते पूर्णपणे बाहेर काढावे. वर माती पसरून ते झाकण्याची प्रथा आत्मघातकी आहे. चर दहा-पंधरा दिवस उन्हात तापू द्यावा. नंतर लाल माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत व थोडी निंबोळी पेंड यांच्या मिश्रणाने तो भोवतालच्या जमिनीपेक्षा ८ ते १० सेंमी. उंच भरावा, म्हणजे माती बसल्यावर तेथे खळगा होत नाही. पाणी तुंबणाऱ्या जागी तळाशी विटांचे तुकडे घालून पाण्यास गटाराकडे वाट द्यावी. पहिला पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावतात. कोयनेलसाठी ३० सेंमी., कुंतीसाठी ४५ ते ६० सेंमी. व तगरीसाठी ६० ते ७५ सेंमी. अंतर ठेवतात. जागा असल्यास दोन ओळी एकीआड एक रोप येईल अशा लावाव्यात. भिंतीपासून किमान ४५ सेंमी. अंतर सोडले नाही, तर मागील बाजू कधीच कातरता येत नाही. बहुमजली इमारतींत अग्निशामक वाहनासाठी ठेवलेल्या मोकळ्या मार्गावर कुंपणाचा पट्टा येता कामा नये.

छाटणी : रोपे जीव धरताच त्यांचे शेंडे जमिनीपासून १५ ते २० सेंमी. वर छाटावे लागतात. नवी हिरवाई कापण्यास मालकाचे मन धजत नाही. पण ही छाटणी चुकली, तर बुडाशी फांद्या फुटत नाहीत व पुढे कितीही खत घातले, तरी खालचा उघडेपणा भरून येत नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी आधीच्या कापापेक्षा १० ते १५ सेंमी. वर कातरीत कुंपण हळूहळू उंच होऊ द्यावे. छेद बुडाशी रुंद व माथ्याशी अरुंद ठेवतात, म्हणजे खालच्या पानांना उजेड मिळतो. माथा रुंद व पाया निमुळता झालेली कुंपणे उपनगरांत जागोजाग दिसतात. माळी उभ्याने कातरतो, त्यामुळे वरची कड तशीच बाहेर राहते. एप्रिल व मे या महिन्यांत खोल छाटणी टाळावी, कारण उघड्या पडलेल्या आतल्या फांद्या उन्हाने भाजतात. जुने, विस्कटलेले कुंपण जूनच्या आरंभी गुडघ्याइतके कापून नवे करता येते. कोयनेल एका पावसाळ्यात, तर कुंती दोन-तीन वर्षांत पुन्हा भरते.

पाणी व उपद्रव : पहिली दोन वर्षे ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा खोलवर पाणी द्यावे लागते. पुढे कोयनेलला आठवड्यातून एकदा पुरते. पिण्याचे पाणी यासाठी वापरणे अनुचित असून विहिरीचे किंवा भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. खाडीलगतच्या कूपनलिकांचे खारे पाणी मात्र केवळ कोयनेलच सोसू शकते. बुडाशी पाचोळ्याचा थर दिल्यास ओल टिकते. पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाई रात्री कोवळे शेंडे फस्त करतात. संध्याकाळनंतर विजेरी घेऊन, हातमोजे घालून त्या वेचणे व मिठाच्या पाण्यात टाकणे हाच खात्रीचा उपाय होय. मीठ झुडपांच्या मुळाशी टाकू नये. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांवर सुरुवातीस पाण्याचा जोरदार फवारा व निंबोळी अर्क पुरेसा होतो. दाट कुंपणाच्या बुडाशी घुशी बिळे करतात. तेथे उष्टे-खरकटे पडू न देणे आणि बुडाचा १० सेंमी. भाग झाडून मोकळा ठेवणे यांमुळे त्यांना आडोसा मिळत नाही. छाटणीपूर्वी फांद्यांत शिंपी किंवा बुलबुल यांचे घरटे नाही, याची खात्री करून घ्यावी. असल्यास पिले उडून जाईपर्यंत, म्हणजे सु. तीन ते चार आठवडे, तेवढा भाग सोडून कातरणी करतात.